चिरलेल्या भाजीचा ताजेपणा : टिकवणक्षमतेच्या संशोधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

भाजी चिरली की तिचे आयुष्य घटते, हे कोणत्याही स्वयंपाकघरात नव्याने सांगावे लागत नाही. कोबीचा अखंड गड्डा शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास आणि भरपूर आर्द्रतेत ठेवला, तर उशिरा तयार होणाऱ्या वाणांच्या बाबतीत तो तीन ते सहा महिने राहू शकतो. तोच बारीक चिरला, तर उत्तम शीतसाखळीतही आठवडा-दीड आठवड्यापलीकडे त्याची खात्री देता येत नाही. पक्व गाजर, पाला काढून थंड जागी ठेवल्यास, सात ते नऊ महिने टिकते. सोलून तुकडे केलेल्या गाजराचा हिशेब आठवड्यांत करावा लागतो. त्यामुळे ‘चिरलेल्या भाज्यांची टिकवणक्षमता वाढविणे’ या मथळ्याखाली जे विपुल संशोधन आज प्रसिद्ध होते, त्यातील ‘वाढविणे’ हा शब्द जपूनच घ्यावयास हवा. चिरण्यामुळे जे गमावले गेले त्याचा काही अंश परत मिळविणे, एवढाच त्याचा वास्तविक अर्थ होय.

प्रस्तुत लेखात या संशोधनाची, विशेषतः आपल्याकडील महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या नियतकालिकांतून येणाऱ्या निबंधांच्या रूढ पद्धतीची, चिकित्सा केली आहे. या निबंधांचा आराखडा आता ठरून गेलेला आहे. एक भाजी, तीन-चार द्रावणे, पाच अंश तापमान, दर तिसऱ्या दिवशी निरीक्षण. रंगमापकावरील मूल्ये, वजनातील घट, दृढता, ‘क’ जीवनसत्त्व, आणि शेवटी विभागातीलच दहा-बारा जणांकडून नऊ गुणांच्या श्रेणीवर घेतलेले संवेदी मूल्यमापन. ज्या द्रावणातील तुकडे अधिक दिवस पांढरे, हिरवे वा कडक राहिले ते द्रावण उत्तम, हा निष्कर्ष. या पद्धतीत चुकीचे असे काही नाही. मात्र तिने मोजले जाते ते भाजीचे ताजे दिसणे, आणि नोंदले जाते ते भाजीचे टिकणे. या दोहोंतील अंतर किती महागात पडू शकते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

नासाडीचा आकडा

बहुतेक निबंधांचा प्रारंभ एकाच वाक्याने होतो : भारतात तीस ते चाळीस टक्के फळे व भाजीपाला वाया जातो. हे विधान इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की त्याचा मूळ आधार शोधण्याची गरज कोणास वाटत नाही. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत भाज्यांची हानी ४.५८ ते १२.४४ टक्के आढळली; त्यांत टोमॅटोची सर्वाधिक होती. फळांमध्ये पेरूची हानी १५.८८ टक्के, हा वरचा आकडा. २०२२ मधील नाबार्डच्या सल्लागार संस्थेच्या पाहणीतही भाज्यांची हानी ४.८७ ते ११.६१ टक्के दिसून आली. ही हानी लहान नव्हे. पण ती चाळीस टक्केही नव्हे.

याहून महत्त्वाची बाब अशी की, या पाहण्या शेतातील कामे, हाताळणी, वाहतूक आणि साठवण या टप्प्यांवरील हानी मोजतात. भाजी चिरण्याची क्रिया या साखळीच्या अगदी टोकाशी घडते. गवार शेतातून मंडईत येईपर्यंत जी खराब झाली, ती मंडईत आल्यावर मोडून पाकिटात भरल्याने परत येत नाही. चिरण्यामुळे नासाडी कमी झाल्याची उदाहरणे आहेत, परंतु त्यांचे कारण वेगळे आहे. कॅलिफोर्नियातील शेतकरी माइक युरोसेक यांनी १९८६ च्या सुमारास वेडीवाकडी म्हणून टाकून दिली जाणारी गाजरे कापून, घासून बोटभर लांबीची एकसारखी गाजरे तयार केली, आणि पुढे त्यांचीच मोठी बाजारपेठ झाली. तेथे नासाडी वाचली ती कुरूप माल विकण्याजोगा झाल्यामुळे, टिकवणक्षमता वाढल्यामुळे नव्हे. प्रास्ताविकात नासाडीचा आकडा आणि निष्कर्षात लिंबाम्लाचे द्रावण, यांच्यामध्ये जो दुवा हवा तो बहुसंख्य निबंधांत सापडत नाही.

जखम आणि तिचे परिणाम

काढणीनंतरही भाजी जिवंत असते, श्वसन करीत असते. सुरी लागली की वनस्पतीच्या दृष्टीने ती जखम होय. श्वसनाचा वेग अखंड भाजीच्या दीडपट ते कित्येक पट होतो, इथिलीन वायूची निर्मिती वाढते, आणि एरवी पेशीच्या निरनिराळ्या कप्प्यांत राहणारी फिनॉल द्रव्ये व त्यांवर क्रिया करणारी विकरे एकत्र येतात. हवेतील प्राणवायू मिळताच बटाटा, वांगे, केळफूल काळे पडते ते यामुळे. गाजर काळे पडत नाही, पण त्यावर पांढुरकी भुकटी पसरल्यासारखी दिसते; ती बुरशी नसून वाळलेल्या पेशींची व जखम भरून काढू पाहणाऱ्या काष्ठद्रव्याची खूण असते. ग्राहक मात्र ते गाजर शिळे म्हणून बाजूला ठेवतो.

या प्रक्रियेचे ज्ञान प्रयोगशाळेपुरते कधीच नव्हते. चिरलेली वांगी व बटाटे पाण्यात टाकणे, केळफूल ताकात बुडवून ठेवणे, ही घराघरांतील रीत. पाण्यामुळे प्राणवायूचा संपर्क तुटतो आणि कापलेल्या पृष्ठावरील रस निघून जातो. ताकातील आम्लामुळे सामू खाली येतो व काळेपणा आणणारे विकर मंदावते. लिंबाम्ल किंवा ॲस्कॉर्बिक आम्लाच्या द्रावणाचे कार्य तत्त्वतः याहून निराळे नाही. पाते लोखंडी असेल तर फिनॉल द्रव्यांशी लोहाचा संयोग होऊन काळेपणा वाढतो, हे विळीवर कच्ची केळी चिरणाऱ्या कोणासही ठाऊक असते. पात्याची धार हा तर या विषयातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित घटक म्हणावा लागेल. बोथट पाते पेशी कापत नाही, चिरडते. चिरडलेल्या पेशींतून रस अधिक झिरपतो, श्वसन अधिक वाढते, सूक्ष्मजीवांस खाद्य अधिक मिळते. असे असताना द्रावणाची संहती दशांश चिन्हापर्यंत नोंदविणाऱ्या निबंधात ‘भाजी चाकूने कापण्यात आली’ एवढेच वाक्य असावे, हे विलक्षण आहे.

तपकिरीपणा रोखण्याच्या ध्यासाचा एक जुना धडा येथे आठवावा लागतो. गंधकयुक्त सल्फाइट क्षारांनी चिरलेल्या भाज्या अतिशय टवटवीत राहतात. अमेरिकेत उपाहारगृहांतील कच्च्या भाज्यांच्या मांडणीवर ते सर्रास फवारले जात. दमा असलेल्या व्यक्तींना त्यापासून गंभीर त्रास झाल्याच्या, काही मृत्यूंच्याही, नोंदी झाल्यावर तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळभाज्यांवर त्यांच्या वापरास बंदी घातली. आपल्याकडील निबंधांत पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे सरबतांमुळे परिचित झालेले केएमएस, अजूनही तुलनेच्या यादीत असते आणि रंगाच्या गुणांत पुष्कळदा अव्वल ठरते. या इतिहासाचा उल्लेख मात्र क्वचितच येतो.

धुऊन चिरावे की चिरून धुवावे

गृहविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविलेला नियम असा : भाजी आधी धुवावी, मग चिरावी, चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. चिरलेल्या भाजीच्या कारखान्यातील नियम नेमका उलटा आहे. तेथे भाजी आधी तर धुतलीच जाते, पण चिरल्यानंतर पुन्हा धुतली जाते, कारण कापलेल्या पृष्ठावरील रस जंतूंचे पोषण करतो आणि काळेपणास निमित्त होतो. वरकरणी विरोध वाटला तरी दोन्ही नियम आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. पहिल्यात चिरणे आणि फोडणी यांच्यात काही मिनिटांचे अंतर गृहीत आहे, दुसऱ्यात काही दिवसांचे. वेळेचे हे गृहीतक स्पष्ट न करता एका नियमाने दुसऱ्याचे खंडन करणारे लेखन आढळते, तेव्हा दोहोंपैकी एकही नीट समजलेला नसतो.

कारखान्यातील या धुण्याविषयीही गैरसमज रूढ आहे. क्लोरीनचे पन्नास ते दोनशे पीपीएमचे पाणी भाजी निर्जंतुक करते, असे विधान निबंधांतून सहज केले जाते. प्रत्यक्षात अशा धुण्याने पृष्ठावरील जंतूंची संख्या दहापट ते शंभरपट घटते, म्हणजे दहा लाखांतील दहा हजार ते एक लाख शिल्लक राहतात. पेशींच्या भेगांत शिरलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोहोचतच नाही. शिवाय भाजीचा रस पाण्यात उतरताच तो क्लोरीन खाऊन टाकतो. धुण्याच्या पाण्यात क्लोरीन घालण्याचे मुख्य प्रयोजन म्हणजे एका गड्ड्यावरील जंतू त्याच पाण्यातून शंभर गड्ड्यांवर जाऊ न देणे, हे होय. एका बादलीत दिवसभर तेच पाणी वापरणाऱ्या विक्रेत्याच्या बाबतीत हा मुद्दा किती लागू आहे, हे वेगळे सांगावयास नको.

शीतगृहातील मित्र आणि शत्रू

ताजे दिसणे व सुरक्षित असणे यांतील अंतर सर्वाधिक उघड होते ते थंड साठवणीत. १९८१ मध्ये कॅनडाच्या सागरी प्रांतांत लिस्टेरिया जंतूच्या संसर्गाचा उद्रेक झाला. एकेचाळीस रुग्णांपैकी चौतीस प्रकरणे गर्भवती माता व नवजात अर्भके यांची होती. शोध घेता घेता तपास कोबीच्या कोशिंबिरीसारख्या ‘कोलस्लॉ’ या पदार्थापर्यंत पोहोचला. कोबी ज्या शेतातील होता तेथे मेंढ्यांचे कच्चे खत वापरले होते, आणि त्या कळपात लिस्टेरियाने मेंढ्या दगावल्या होत्या. काढणीनंतर तो कोबी हिवाळाभर थंड कोठारात ठेवला गेला. हा जंतू शीतकपाटाच्या तापमानातही वाढतो. ज्या थंडीने कोबीचा कुरकुरीतपणा राखला, तिनेच इतर जंतूंना रोखून या जंतूला मोकळे रान दिले. संवेदी मूल्यमापन करणाऱ्या मंडळाने त्या कोबीला कदाचित नऊपैकी आठ गुण दिले असते.

वेष्टनातील वायू बदलून भाजी टिकविण्याच्या तंत्रालाही हेच लागू होते. प्राणवायू दोन ते पाच टक्क्यांवर आणून कर्बवायू वाढविला की श्वसन मंदावते, काळेपणा लांबतो, आणि सडण्याची जी दृश्य लक्षणे ग्राहकास सावध करतात ती उशिरा प्रकटतात. सावध करणारी लक्षणे उशिरा येणे हा लाभच आहे असे समजून निबंध पुढे जातात. १९८७ मध्ये अमेरिकेत बोटुलिझम या विषबाधेचा एक उद्रेक झाला. त्याचा संबंध अशा वेष्टनातील चिरलेल्या कोबीशी जोडला गेला होता. २००६ मध्ये तेथेच, कारखान्यात धुऊन पिशवीत भरलेल्या पालकामुळे २६ राज्यांत सुमारे दोनशे लोक ई. कोलाय जंतूने आजारी पडले व किमान तिघे दगावले. त्या पालकाच्या रंगाविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. त्यानंतर २००८ मध्ये तेथील प्रशासनाने चिरलेल्या फळे-भाज्यांसाठी सूक्ष्मजीवजन्य धोक्यांवरील मार्गदर्शिका काढली.

आपल्याकडे या तंत्राची अडचण आणखी एका कारणाने वाढते, आणि प्रयोगशाळेतील पाच अंशांचे स्थिर तापमान ती झाकून ठेवते. तापमान दहा अंशांनी वाढले की भाजीचे श्वसन साधारण दुपटी-तिपटीने वाढते. पाच अंशांवरील पाकीट पंचवीस अंशांच्या फळीवर आले, की श्वसन चौपट ते नऊपट होऊ शकते. प्लॅस्टिकच्या पापुद्र्यातून प्राणवायू आत येण्याचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी आतील प्राणवायू संपतो, किण्वन सुरू होते, मद्यार्काचा दर्प येतो. पाच अंशांसाठी निवडलेले वेष्टन तिसाव्या अंशाला उघड्या भाजीपेक्षाही वाईट ठरू शकते. मे महिन्यातील नागपूर किंवा जळगाव येथील दुकानात, जेथे वीज गेल्यावर शीतकपाट तासन्‌तास बंद राहू शकते, तेथे ‘पाच अंशांना बारा दिवस’ या निष्कर्षाचा उपयोग कोणी कसा करावयाचा? प्रयोगात तापमान मुद्दाम काही तास चढवून पाहिल्यास या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. शीतकपाटाचे दार उघडावे लागते.

शिजणारी आणि न शिजणारी

येथे एक प्रतिवाद रास्त ठरतो. वरील सर्व उद्रेक कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांतील आहेत. मराठी घरांत मोडलेली गवार, निवडलेली मेथी, सोललेले वाल, फणसाच्या कुयरीचे वा सुरणाचे तुकडे शिजविल्याशिवाय खाल्ले जात नाहीत. हा आक्षेप पुष्कळ अंशी मान्य करावा लागतो. उकळत्या भाजीत ई. कोलाय वा लिस्टेरिया तग धरीत नाही. किंबहुना पाश्चात्त्य सॅलडसाठी घडविलेले निकष सरसकट येथे आणल्यास, पदपथावर मेथी निवडून विकणाऱ्या बाईचा धंदा कारण नसताना बंद पाडण्याखेरीज काही साधणार नाही.

परंतु याच प्रतिवादातून पुढील प्रश्न निघतो. काकडी, गाजर, कोबी, बीट यांची कोशिंबीर. कोथिंबीर व पुदिन्याची चटणी. पोह्यांवर भुरभुरलेली कोथिंबीर. भेळेवरील कांदा आणि कैरी : हे सारे कच्चेच पोटात जाते. खवलेले ओले खोबरेही अनेकदा कच्चेच वापरले जाते. म्हणजे विभागणी भाजीनुसार नव्हे, उपयोगानुसार करावयास हवी. शिजविण्याच्या भाजीसाठी काळेपणा, वजनातील घट व चव हे निकष पुरेसे मानता येतील. कच्च्या खाद्यासाठी जंतूंची गणना ही टिकवणक्षमतेची पहिली कसोटी असावी, आणि ती ओलांडली गेली की रंग कितीही चांगला असो, मुदत संपली असे मानले जावे. बहुसंख्य निबंधांत एकूण जंतूंची संख्या शेवटच्या तक्त्यात येते खरी, पण मुदत ठरविताना तिला मत नसते. आणि एकूण संख्येवरून रोगकारक जंतूंविषयी फारसे काही कळतही नाही.

भाज्यांच्या निवडीतही उसनवारी दिसते. ब्रोकोली, लेट्यूस, सिमला मिरची यांवर निबंधांचा ढीग. डाळिंब्या, अळू, केळफूल, शेवगा यांवर मोजकेच लेखन. अभ्यासासाठी तयार पद्धत उपलब्ध असलेली भाजी निवडणे पदवीच्या मुदतीत सोयीचे असते, हे समजण्याजोगे आहे. मात्र त्यामुळे कोरफडीच्या किंवा कायटोसनच्या लेपाचे नवनवे प्रयोग त्याच त्या गाजरावर होत राहतात. कायटोसन सामान्यतः कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळवितात; शाकाहारी ग्राहकाच्या ताटातील काकडीवर तो लेप असावा काय आणि पाकिटावर हिरवा ठिपका कसा लावावा, हा साधा प्रश्नही पुष्कळ निबंधांच्या लेखकांना सुचलेला दिसत नाही.

मुदत कोठून मोजावी

अन्नपदार्थांच्या लेबलाविषयीच्या कोडेक्स मानकात ताज्या फळे-भाज्यांना मुदतीची तारीख छापण्यापासून सूट आहे. पण ती सोललेली, कापलेली किंवा तत्सम प्रक्रिया केलेली नसतील तरच. म्हणजे सुरी लागली त्या क्षणापासून भाजी तारखेच्या हिशेबात येते. तथापि निबंधांत ‘शून्य दिवस’ हा बहुधा पाकीट बंद केल्याचा दिवस असतो. चिरणे, बुडविणे, निथळणे, भरणे यांत किती तास गेले, त्या वेळी खोलीचे तापमान काय होते, आणि भाजी शेतातून निघून किती दिवस झाले होते, या नोंदी नसतात. मंडईतून आणलेल्या तीन दिवसांच्या कोबीवरील आणि सकाळी काढलेल्या कोबीवरील निष्कर्ष मग एकाच तक्त्यात शेजारी बसतात.

मराठी बाजारातील सर्वांत जुनी ‘चिरलेली भाजी’ म्हणजे लाल भोपळ्याची फोड. अखंड भोपळा महिनोन्‌महिने माळ्यावर राहतो. कापला की विक्रेता तो दोन-तीन दिवसांत संपवू पाहतो. कापलेले तोंड सुकले की तो सुरीने पातळ काप काढून टाकतो, आणि आतील केशरी भाग पुन्हा ताजा दिसू लागतो. हा काप वाळलेल्या पेशींबरोबर वरचे जंतूही काढून टाकतो, की सालीवरून फिरलेली तीच सुरी मातीतील जंतू नव्या जखमेवर नेऊन ठेवते? काप किती जाडीचा हवा, सुरी मिठाच्या पाण्यातून काढल्यास फरक पडतो काय, आणि चौतीस अंशांच्या उन्हात ओले फडके घातलेली फोड उघड्या फोडीपेक्षा चांगली राहते की लवकर बुळबुळीत होते, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका सत्रात तपासता येण्याजोगे आहे.